डे-एंड रखडतो, स्टोरेज निवांत: एका सहकारी बँकेच्या सॅनचे विश्लेषण

सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे स्वतंत्र जाळे. बँकेची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. तांत्रिक आकडे पूर्णांकात आणले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तेच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एक मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक. शाखांचे काम आटोपले की रात्री 9 वाजता डे-एंड (दिवसअखेरची प्रक्रिया) सुरू होतो. त्यात व्याज आकारणी, स्थायी सूचना, खतावणी आणि अहवाल हे सगळे येते. रात्री साडेअकरापर्यंत तो संपतो आणि सकाळी 7 च्या आत डे-बिगिन होतो. बॅकअप साडेनऊला सुरू होतो.

डेटा सेंटरमध्ये फायबर चॅनलची ए आणि बी अशी दोन स्वतंत्र फॅब्रिक्स (स्विच आणि केबलची जाळी) होती. प्रत्येकात 16 जीचा (सेकंदाला 16 गिगाबिट) एक मुख्य स्विच, ब्रोकेड कंपनीचा, जुन्या रॅकमध्ये 8 जीचा एक स्विच आणि दोघांच्या मध्ये 8 जीच्या दोन दुव्यांचा ट्रंक, म्हणजे सेकंदाला साधारण 1600 एमबीची वाट. अ‍ॅरे (डिस्कचे सामायिक स्टोरेज) मुख्य स्विचवर, दर फॅब्रिकला चार 16 जी पोर्ट. व्हीएमवेअरचे सहा होस्टही (आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवणारी यंत्रे) तिथेच. डेटाबेसचे दोन लिनक्स नोड आणि बॅकअप सर्व्हर मात्र जुन्या स्विचवर राहिले होते. बॅकअप सर्व्हर व्हीएमची व्हॉल्यूम्स थेट सॅनवरून वाचतो. टेप लायब्ररी त्याला एसएएसने (थेट केबलने) जोडलेली आहे, म्हणून तिचा सॅनशी संबंध नाही.

पुढचे सगळे या मांडणीवर अवलंबून आहे. डेटाबेस आणि बॅकअप दोघांचाही वाचनाचा डेटा अ‍ॅरेकडून निघून त्याच ट्रंकवरून जुन्या स्विचकडे येतो.

अडचण

जानेवारीपासून डे-एंड लांबू लागला. साध्या दिवशी पहाटे 1 वाजायचा आणि महिनाअखेरीस साडेचार. मार्चअखेर तोंडावर होती. डेटाबेस नोडवर वाचनाचा प्रतिसाद एरवी 5-6 मिलिसेकंद असायचा, तो रात्री 60 ते 80 पर्यंत चढायचा. त्याच वेळी अ‍ॅरेचा स्वतःचा अहवाल 3-4 मिलिसेकंद दाखवायचा.

अ‍ॅरेच्या अभियंत्याने आपला आलेख दाखवून हात वर केले. तो खोटे बोलत नव्हता. त्या अ‍ॅरेची मोजणी डेटा कॅशमध्ये तयार झाला की थांबते, पुढे तो पोर्टवर किती वेळ ताटकळला हे तिच्यात येत नाही. दोन मोजण्यांमधली ही तफावत हाच पहिला धागा होता, पण तेव्हा तो कोणी पकडला नाही.

आणखी एक गोष्ट दिशाभूल करणारी होती. त्रास पहिल्या डेटाबेस नोडला जास्त आणि दुसऱ्याला कमी होता. क्लस्टर दुसऱ्या नोडवर हलवला की बरे वाटायचे. त्यामुळे संशय सर्व्हरवर गेला आणि मदरबोर्ड बदलण्यापर्यंत चर्चा पोहोचली.

समोर असलेले पर्याय

टेबलावर चार प्रस्ताव होते. पहिला, पूर्ण फ्लॅशचा नवा अ‍ॅरे: सव्वा कोटीच्या घरातले कोटेशन आणि दोन महिन्यांचा पुरवठा काळ. दुसरा, स्विचमधले दुवे दोनाचे चार करणे. तिसरा, बॅकअप पहाटे 2 नंतर ढकलणे. हे फुकटात होण्यासारखे होते, पण मग तो सकाळी शाखा उघडेपर्यंत चालला असता. चौथा, सॅन विश्लेषणाचे सॉफ्टवेअर 60 दिवसांच्या चाचणी परवान्यावर बसवून आधी मोजणे.

चौथा निवडला गेला, यात तांत्रिक दूरदृष्टीपेक्षा खरेदी समितीची बैठक लांबणीवर पडल्याचा वाटा मोठा होता. निर्णय तरी बरोबर ठरला. पहिले दोन प्रस्ताव म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार होता.

सॉफ्टवेअर बसवताना

अंतर्गत लेखापरीक्षणाने पहिलाच आक्षेप घेतला की तिसऱ्याच सॉफ्टवेअरला स्विचचा अ‍ॅडमिन पासवर्ड का द्यायचा. आक्षेप रास्त होता. ब्रोकेडवर फक्त पाहण्याचे अधिकार असलेली 'यूजर' भूमिका असते, तिचे वेगळे खाते उघडले. मुख्य स्विचवरून माहिती रेस्टने (वेबवरून विचारण्याची पद्धत) घेतली. जुन्या 8 जी स्विचच्या फॅब्रिक ओएसमध्ये रेस्ट नाही, तिथे एसएनएमपी (देखरेखीचा जुना प्रोटोकॉल) तिसरी आवृत्ती वापरली. व्हीएमवेअरसाठी त्याच्या व्यवस्थापन सर्व्हरचे, व्हीसेंटरचे, वाचनापुरते खाते दिले.

खरा वेळ गेला तो नावे लावण्यात. झोनिंगमध्ये (कोणी कोणाशी बोलायचे याची स्विचवरची यादी) निम्म्या ठिकाणी एलियस (वाचता येणारी नावे) नव्हतेच, थेट पोर्टचे सोळा आकडी क्रमांक, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएन, टाकलेले होते. सॉफ्टवेअर जे सापडते तेच छापते. ज्या अहवालात सर्व्हरच्या जागी नुसते आकडे आणि कोलन आहेत तो व्यवस्थापकाला वाचता येत नाही, आणि रात्री 2 वाजता अभियंत्यालाही येत नाही. प्रत्येक पोर्टची केबल हाताने माग काढून यादी केली आणि एलियस भरले. हे काम टाळून कोणतेही विश्लेषण सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही.

पहिला अहवाल आणि त्यातल्या तीन चुका

आठवड्याने पहिला अहवाल आला. छापील, रंगीत, 46 पानी, आणि महत्त्वाच्या तिन्ही बाबतींत चुकीचा.

पहिली चूक वेळेची. अहवालानुसार फॅब्रिकवरची कोंडी दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी होत होती. शाखांची रोख जुळवण्याची हीच वेळ, त्यामुळे सगळ्यांना ते पटलेही. वस्तुस्थिती अशी की स्विच यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होते आणि अ‍ॅरे व डेटाबेस भारतीय वेळेवर. साडेपाच तास मिळवले की 4:10 चे रात्रीचे 9:40 होतात, म्हणजे बॅकअप सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी. शिवाय फॅब्रिक बीचे घड्याळ 7 मिनिटे मागे होते. एका फॅब्रिकमध्ये प्रमुख स्विच आपली वेळ बाकीच्यांना देतो, पण ए आणि बी एकमेकांना ओळखत नाहीत. दोन्हीकडे टीएस-क्लॉक-सर्व्हर आणि टीएस-टाइमझोन या आज्ञांनी बँकेचा एनटीपी (वेळ जुळवणारा) सर्व्हर आणि भारतीय वेळ बसवली.

दुसरी चूक जास्त मजेदार होती. अहवालात जुन्या स्विचच्या एकाही पोर्टचा वेग सेकंदाला 57 एमबीच्या वर जात नव्हता. ना ट्रंकचा, ना डेटाबेसचा, ना बॅकअपचा. सगळ्यांची कमाल एकाच रेषेवर येऊन थांबते तेव्हा ती वाहतुकीची मर्यादा नसते, मोजमापाची असते. जुन्या स्विचचा एसएनएमपी काउंटर 32 बिटांचा होता आणि तो चार-चार बाइटचे शब्द मोजतो. म्हणजे 16 जीबी (नेमके 17.18 अब्ज बाइट) झाले की तो पुन्हा शून्यावर. 8 जीचा पोर्ट भरून वाहत असेल तर हे दर 21-22 सेकंदांनी घडते. सॉफ्टवेअर वाचत होते दर 5 मिनिटांनी. मधल्या फेऱ्या त्याला दिसणारच नाहीत आणि 17.18 अब्ज बाइट भागिले 300 सेकंद म्हणजे बरोबर 57 एमबी, याहून मोठा आकडा तो दाखवूच शकत नाही. 64 बिटांचे ऑक्टेट काउंटर निवडले, वाचन दर मिनिटाला केले आणि ट्रंकचा खरा वेग दिसला: रात्री सेकंदाला 350 एमबी. म्हणजे 1600 पैकी 22 टक्के.

या एका आकड्याने दुवे वाढवण्याचा प्रस्ताव निकालात निघाला. पाचातले चार भाग रिकाम्या वाटेला आणखी रुंद करून काही मिळणार नव्हते.

तिसरी चूक त्रुटींच्या तक्त्यात होती. पोर्ट-एरर-शो या आज्ञेत अकरा पोर्टवर एनकोडिंगच्या लाखो त्रुटी दिसत होत्या आणि अहवालाने अकराही एसएफपी (केबल लावायची ऑप्टिकल मॉड्यूल) बदलायला सांगितले होते. ते काउंटर स्विच शेवटचा चालू झाल्यापासूनचे, म्हणजे दोन वर्षांचे होते. सर्व्हर रीबूट झाला, केबल काढून लावली की हा आकडा चढतोच. एकूण आकडा काही सांगत नाही, वाढ सांगते. 24 तासांच्या अंतराने दोन नोंदी घेऊन वजाबाकी केली, तेव्हा वाढ एकाच पोर्टवर होती: व्हीएमवेअरच्या एका होस्टचा पोर्ट. तिथे सीआरसी (डेटा तपासणीच्या) त्रुटीही वाढत होत्या आणि फ्रेमचा (डेटाच्या पुडक्याचा) शेवट शाबूत असलेल्या सीआरसीचा काउंटर हलत होता, म्हणजे बिघाड त्याच दुव्यावर, दुसरीकडून आलेला नाही. एसएफपी-शोमध्ये प्रकाश 92 मायक्रोवॉट येत होता, शेजारच्या पोर्टवर 400 च्या आसपास. केबलचे एलसी टोक क्लिक-क्लीनरने पुसले, आकडा 410 झाला, त्रुटी थांबल्या. अकराही एसएफपींचा खर्च वाचला. मूळ दुखण्याशी मात्र याचा काही संबंध नव्हता.

कोंडी कुठे आहे हे शोधताना

ट्रंक 22 टक्के भरलेला, अ‍ॅरे निवांत, तरी डेटा उशिरा येतो. इथून प्रश्न वेगाचा राहत नाही, बफर क्रेडिटचा होतो.

फायबर चॅनलमध्ये पाठवणारा पोर्ट समोरच्याकडे मोकळे बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) असतील तितक्याच फ्रेम पाठवतो. एक फ्रेम गेली की एक क्रेडिट कमी. समोरच्याने बफर रिकामा करून आर-रेडी पाठवला की ते परत मिळते. समोरचा सुस्त असेल तर क्रेडिट शून्यावर येते आणि वाट मोकळी असूनही पाठवणारा थांबतो. त्याच्या मागे येणाऱ्या फ्रेमही थांबतात, त्या दुसऱ्या कोणाच्या असल्या तरी.

ब्रोकेडवर हा थांबलेला काळ मोजणारा काउंटर पोर्ट-स्टॅट्स-शोमध्ये असतो. तो 2.5 मायक्रोसेकंदांच्या टिकमध्ये मोजतो, म्हणजे सेकंदाला कमाल 4 लाख आणि मिनिटाला 2 कोटी 40 लाख. विश्लेषण सॉफ्टवेअरच्या तयार साच्यात हा काउंटर घेतलेलाच नव्हता. साचा वापराचे टक्के आणि त्रुटी यांवर बेतलेला होता. काउंटर वेगळा जोडला. दोन रात्री त्याच खात्यावरून एका छोट्या स्क्रिप्टने दर 10 सेकंदांनी वाचनही घेतले, कारण मिनिटाच्या सरासरीत लहान झटके विरून जातात.

शोधण्याची रीत सरळ आहे: डेटा ज्या दिशेने जातो त्या दिशेने चालत जायचे. मुख्य स्विचच्या ट्रंक पोर्टवर मिनिटाला सरासरी 72 लाख टिक, म्हणजे 30 टक्के वेळ क्रेडिट शून्य. दोष त्याच्या पुढे आहे. पुढे जुना स्विच. तिथे डेटाबेसच्या पोर्टवर जवळजवळ काही नाही. बॅकअप सर्व्हरच्या पोर्टवर 1 कोटी 80 लाख, म्हणजे 75 टक्के वेळ. आणि त्याच पोर्टचा वापर फक्त 25 टक्के, सेकंदाला 200 एमबी.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचणे महत्त्वाचे. पोर्ट काठोकाठ भरलेला असून मागे कोंडी असेल तर मागणी जास्त आहे, वाट अरुंद आहे. पोर्ट रिकामा असूनही क्रेडिट शून्य असेल तर पलीकडचे उपकरण डेटा उचलत नाही. इथे दुसरा प्रकार होता, आणि दोन्ही फॅब्रिकवर सारखाच.

पहिल्या नोडचे कोडेही इथेच सुटले. ट्रंकवर साधी वाहतूक चार आभासी मार्गिकांमध्ये वाटली जाते आणि कोणती फ्रेम कुठे हे ती ज्या पोर्टकडे निघाली त्याच्या पत्त्यावरून ठरते. पहिला डेटाबेस नोड आणि बॅकअप सर्व्हर एकाच मार्गिकेत पडले होते, दुसरा नोड वेगळ्या. ए आणि बीवर तेच पोर्ट क्रमांक ठेवण्याची सवय एरवी चांगली, पण त्यामुळे दोन्ही फॅब्रिकवर तोच योगायोग घडला. सर्व्हरचा मदरबोर्ड अगदी ठणठणीत होता.

खात्री करून घेण्याची चाचणी

बॅकअप एक रात्र बंद ठेवून पाहावे, अशी सूचना आली. बँकेत ते करायचे तर लेखी परवानगी हवी, आणि त्या रात्रीच काही बिघडले तर जबाबदारी कोणाची? त्याऐवजी बॅकअप सर्व्हरचा फक्त फॅब्रिक बीवरचा पोर्ट बंद केला. बॅकअप ए वरून चालू राहिला. डेटाबेस नोडवर मल्टिपाथच्या यादीतून कोणता मार्ग ए चा आणि कोणता बी चा हे ओळखून आयओस्टॅट या आज्ञेने दोन्हींचा प्रतिसाद वेगळा मोजला. बीच्या मार्गांवर 5 मिलिसेकंद, एच्या मार्गांवर 50 च्या वर. तेच सर्व्हर, तोच अ‍ॅरे, तीच रात्र. वादाला जागा उरली नाही.

मूळ कारण

बॅकअप सर्व्हरमध्ये दोन पोर्टचे एकच 8 जी एचबीए (सॅनला जोडणारे) कार्ड होते, एक पोर्ट ए ला आणि एक बी ला. एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर यादीत कार्डाची क्षमता 8 लेनची (कार्ड आणि मदरबोर्ड यांमधल्या डेटाच्या वाटा) आणि प्रत्यक्ष जुळलेली लेन एक. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका लेनची कमाल सेकंदाला 500 एमबी, हाती लागतात साधारण 400. दोन पोर्टांत वाटून 200-200. स्विचवर दिसलेला आकडा हाच.

डिसेंबरअखेर या सर्व्हरची मेमरी वाढवली होती. त्यासाठी कार्ड काढून परत बसवले गेले, ते स्लॉटमध्ये पुरते बसले नाही. बदल नोंदवहीत फक्त 'रॅम वाढवली' एवढेच होते. कार्डाला हात लागल्याची नोंद नाही, त्यामुळे जानेवारीतल्या दुखण्याशी कोणी ती जोडली नाही.

केलेली कारवाई आणि निष्पत्ती

शनिवारी रात्री सर्व्हर बंद करून कार्ड काढले, संपर्कपट्टी साफ केली, नीट बसवून स्क्रू आवळला. लेन 8 दिसल्या. त्या रात्री बॅकअप 5 तास 20 मिनिटांऐवजी पावणेतीन तासांत संपला. सोमवारचा डे-एंड 11:35 ला.

गोष्ट इथेच संपली नाही. बॅकअपचा पोर्ट आता 90 टक्के भरू लागला आणि ट्रंकवर क्रेडिट शून्याचा काळ 4 टक्क्यांवर राहिला. हा आता पहिला प्रकार: अ‍ॅरेचे चार 16 जी पोर्ट मिळून एका 8 जी पोर्टवर डेटा ओततात. झोनिंगमध्ये बॅकअपला दर फॅब्रिकला चारऐवजी एकच अ‍ॅरे पोर्ट दिला, वाचनाचे समांतर प्रवाह 16 वरून 6 केले. काळ 1 टक्क्याखाली आला, बॅकअप 10 मिनिटांनी लांबला. मार्चअखेर यावर निभावली. एप्रिलमध्ये बॅकअप सर्व्हर मुख्य स्विचवर हलवला, दोन पोर्टच्या एका कार्डाऐवजी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये दोन कार्डे घातली, आणि अ‍ॅरेचा त्याला दिलेला पोर्ट इतरांच्या झोनमधून काढला.

क्षमतेच्या अहवालाचे उपप्रकरण

नवा अ‍ॅरे मागण्यामागे दुसरे कारण दिले होते: जुना 94 टक्के भरला. सॉफ्टवेअरने 80 पैकी 75 टीबी वाटलेले दाखवले, पण थिन प्रोव्हिजनिंगमुळे (जागा आधी फक्त नावावर देण्याच्या पद्धतीमुळे) प्रत्यक्षात लिहिलेले 61 होते, म्हणजे 76 टक्के. लेखा विभागाचा वेगळाच प्रश्न होता: खरेदी 88 टीबीची, मग 8 गेले कुठे? कुठेच नाही. पुरवठादार दशमान टीबी मोजतो, अ‍ॅरे 1024 च्या पटीत मोजून त्यालाही टीबीच म्हणतो. अहवालाच्या पहिल्या पानावर एकक लिहिले असते तर हा पत्रव्यवहार झाला नसता.

90 दिवसांत एकही वाचन-लेखन न झालेले 14 लन (सर्व्हरला वाटून दिलेले स्टोरेजचे भाग) सापडले, मिळून 6 टीबी. लगेच काढून टाकण्याचा मोह होतो. इथे आधी फक्त मास्किंग (सर्व्हरला लन दिसण्याची परवानगी) काढून 30 दिवस वाट पाहायचे ठरले, आणि ते बरे झाले. त्यातला एक लन वर्षातून एकदाच, मार्चअखेरच्या ताळेबंदाच्या संचिकेसाठी उघडला जात होता. वीस मिनिटांत तो परत जोडून दिला. बँकेत 'वापरात नाही' ठरवण्याची खिडकी 90 दिवसांची नको, किमान 13 महिन्यांची हवी. व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची फाइल व्यवस्था) 5 वरच्या डेटास्टोअरमधून मोकळी जागा आज्ञा देऊन परत मिळवली. व्हीएमएफएस 6 वर हे आपोआप होते.

वेगळे काय करता आले असते

होस्ट आणि अ‍ॅरेच्या प्रतिसादातली तफावत पहिल्याच आठवड्यात कागदावर होती. 70 आणि 4 या दोन आकड्यांच्या मधे फक्त फॅब्रिक आहे. तेवढ्यावरून थेट स्विचवर पोर्ट-स्टॅट्स-शो चालवले असते तर ट्रंक आणि बॅकअप पोर्ट हाताने तासाभरात सापडले असते. सॉफ्टवेअरशिवायही. त्याचा खरा उपयोग नंतर होतो, कारण रोजच्या रोज हे कोणी हाताने पाहत नाही.

चांगल्या दिवसाची नोंद कुठेच नव्हती. डिसेंबरमध्ये ट्रंकवर क्रेडिट शून्याचा काळ किती होता हे सांगता आले असते तर 30 टक्के हा आकडा दिसताक्षणी ओरडला असता.

46 पानांचा अहवाल बंद करून एका पानाचा ठेवला. त्यात कालच्या तुलनेत वाढलेल्या त्रुटींचे पोर्ट, क्रेडिट शून्याचा काळ 5 टक्क्यांवर गेलेले पोर्ट, येणारा प्रकाश 200 मायक्रोवॉटखाली गेलेले एसएफपी, आणि प्रत्यक्ष लिहिलेली जागा. परवाना घेताना पोर्टच्या संख्येवर दर लागत होता, म्हणून फक्त ट्रंक, अ‍ॅरे, डेटाबेस आणि बॅकअप एवढ्याच पोर्टांसाठी घेतला.

बदल नोंदवहीच्या नमुन्यात एक रकाना वाढला: काम करताना कोणते सुटे भाग काढून परत बसवले. सर्व्हर उघडला गेला की नंतर एलएसपीसीआयची नोंद जोडणे सक्तीचे. नव्या अ‍ॅरेचा प्रस्ताव रद्द झालेला नाही, पुढच्या अंदाजपत्रकात आहे. त्याआधी 8 जीचे दोन जुने स्विच बदलायचे आहेत, कारण डेटाबेस अजून त्यांच्यावरच आहे.